भूलतज्ज्ञाचा हातोडा

“शी इज नॉट बॅड.”

मेलमधलं हे वाक्य मी दोनदा वाचलं. मग चष्मा पुसला आणि पुन्हा वाचलं. चष्म्यात काही बिघाड नव्हता. वाक्य तिथंच होतं, आणि त्याच्याखाली दिल्लीतल्या एका मोठ्या सरकारी रुग्णालयाच्या भूलशास्त्र विभागप्रमुख डॉ. सुमती आपटे यांचं नाव होतं.

समोर डॉ. प्रज्ञा मेश्राम मांडीवर बॅग धरून बसली होती. मॅडमचा मेल आला का, असं तिनं विचारलं. मी आलाय म्हटलं आणि चहा घेतेस का ते विचारलं. वाईट बातमी द्यायच्या आधी चहा विचारायचा, ही माझी जुनी पद्धत आहे. तिनं माझ्या तोंडाकडे बघितलं आणि चहा नको म्हणाली. डॉक्टर लोकांना तोंडं वाचता येतात.

मी स्वतः डॉक्टर नाही. माझ्या व्हिजिटिंग कार्डावर ‘सीनिअर कन्सल्टंट’ छापलंय, त्यामुळे घोटाळा होतो. डॉक्टरांच्या जगात कन्सल्टंट म्हणजे मोठा माणूस, आयुष्याची अर्धी वर्षं घासल्यावर होतो. मी गाझियाबादेत मेट्रो स्टेशनसमोर, मिठाईच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर बसतो आणि परदेशी नोकरीला निघालेल्या डॉक्टरांचे कागद लावून देतो. खरं सांगायचं तर यातल्या निम्म्या कामाला मधला माणूस लागतच नाही. हे मी ऑफिसात कधी बोलत नाही, इथं बोलतोय.

माझं नाव विद्याधर. दिल्लीवाल्यांना ते झेपत नाही, म्हणून मी ‘विद्या जी’. नवे क्लायंट आत येतात, मला बघतात आणि विचारतात, विद्या मॅडम किधर बैठती हैं? मूळचा मी पुण्याचा. इथं एका कंपनीत एचआरमध्ये होतो. पन्नाशीत कंपनीनं मला ‘मोकळं’ केलं, तेव्हा चोप्रा साहेबांनी मला आपल्या ऑफिसात घेतलं, कारण मला इंग्रजी पत्र फर्स्टक्लास लिहिता येतं असं त्यांना वाटायचं. मलाही तसंच वाटायचं.

प्रज्ञा भंडाऱ्याची. वडील पोस्टात होते, आता रिटायर झालेत. पोरगी शिकत शिकत दिल्लीला आली आणि मॅडमच्या हाताखाली सीनिअर रेसिडेंट झाली. सीनिअर रेसिडेंट म्हणजे एमडी झाल्यावर करायची मुदतीची सरकारी नोकरी. तीन वर्षं झाली की हातात दाखला देतात आणि नमस्कार म्हणतात. तिची तीन वर्षं त्या महिनाअखेरीला संपत होती. दिल्लीत मुनिरक्याला एका खोलीत राहायची. पहिल्या फोनवर मी मराठी आहे हे कळल्यावर तिनं ‘सर’ सोडून ‘काका’ सुरू केलं. मला सर जास्त आवडतं, पण काका म्हटल्यावर माणसाला अहो-जाहो करत बसता येत नाही.

ती भूलतज्ज्ञ. ऑपरेशनच्या वेळी पेशंटला झोपवायचं, त्याचा श्वास आणि नाडी सांभाळायची आणि शेवटी सुखरूप उठवायचं, हे तिचं काम. तू भूल देतेस आणि मी भूल करतो, आपल्यात फरक तेवढाच, असं मी तिला पहिल्याच भेटीत म्हणालो होतो. तेव्हा तो विनोद होता.

त्या पहिल्या भेटीत मी माझं नेहमीचं भाषण दिलं. आखातात जायचं तर तिथल्या लायसन्सची परीक्षा द्या, डिग्रीची पडताळणी होऊ द्या, मग मालकच व्हिसा काढतो. नोकरी गेली की व्हिसाही गेला. ब्रिटनला दोन दरवाजे आहेत. मोठा दरवाजा म्हणजे हेल्थ अँड केअर वर्कर व्हिसा. तिथल्या मेडिकल कौन्सिलकडे नोंदणी हवी, हातात नोकरी हवी, मग रुग्णालय तुम्हाला स्पॉन्सर करतं. मुदत वाढवता येते, बायकामुलं नेता येतात. येणाऱ्या प्रत्येकाला हाच हवा असतो. छोटा दरवाजा ट्रेनिंगचा. फार तर दोन वर्षं तिथं काम करत शिकायचं आणि परत यायचं. ‘परत यायचं’ म्हटलं की क्लायंटचा चेहरा पडतो, म्हणून हा पर्याय मी शेवटी आणि हळू आवाजात सांगतो.

“मला तोच हवाय,” प्रज्ञा म्हणाली.

मला वाटलं, हिला नीट ऐकू आलं नसेल. मी पुन्हा समजावलं. दोन वर्षांनी व्हिसा संपतो, मग परत यावं लागतं.

“कळलं, काका. आमच्याकडे महिन्याभराच्या बाळाचं ऑपरेशन असलं, की भूल द्यायला माणूस नाही म्हणून नागपूरला पाठवतात. वाटेत काय होतं ते मी अँब्युलन्समध्ये बसून पाहिलंय. मला बाळांची भूल शिकायचीय. शिकले की मी भंडाऱ्याला जाणार.”

मी फाइल उघडली आणि वर तिचं नाव लिहिलं.

पुढचं सगळं तिनं स्वतःच केलं. इंग्रजीची परीक्षा एका फटक्यात पास. उत्तर इंग्लंडातल्या लहान मुलांच्या एका रुग्णालयानं व्हिडिओवर इंटरव्ह्यू घेतला आणि जागा देऊ केली, पण एका अटीवर. दोन सीनिअर डॉक्टरांचे रेफरन्स शुक्रवारपर्यंत पोचायला हवेत, आणि त्यातला एक विभागप्रमुखाचाच हवा. रेफरन्स म्हणजे, हा माणूस कसा काम करतो ते त्याच्या वरिष्ठानं लिहून द्यायचं. ते पटले की रुग्णालयाच्या शिफारशीवर तिथली डॉक्टरांची मध्यवर्ती संस्था सर्टिफिकेट ऑफ स्पॉन्सरशिप देणार. नावात सर्टिफिकेट असलं तरी तो कागद नसतो, नुसता एक नंबर असतो. पण तो नंबर आल्याशिवाय व्हिसाचा अर्ज भरता येत नाही. जागा एकच होती आणि मागे दुसरा उमेदवार तयार उभा होता.

अशा वेळी आपटे मॅडमनी लिहिलेला पूर्ण मजकूर असा होता: डॉ. मेश्राम तीन वर्षं माझ्या विभागात आहेत. शी इज नॉट बॅड. तक्रार करण्याचा प्रसंग आलेला नाही. त्यांनी वाचन वाढवायला हवं.

मी प्रिंट काढून चोप्रा साहेबांच्या केबिनमध्ये गेलो. साहेब माणूस दिलदार, रागावले तरी आधी पाणी विचारतात. त्यांनी वाचलं, कागद उलटा करून मागे आणखी काही आहे का ते पाहिलं.

“विद्या जी, ये रेफरन्स है या एफआयआर?”

आता इथं मला कळायला हवं होतं. मी पुण्यात वाढलो. शाळेत माझा दुसरा नंबर आला तेव्हा वडिलांनी प्रगतिपुस्तक बघून विचारलं होतं, पहिला कोण आला? आमच्या घरात आमटीला ‘बरी झालीय’ म्हटलं की आई दिवसभर खुशीत असायची. पण पाव शतक दिल्लीत काढलं की जीभ बदलते. इथं चहा ज़बरदस्त असतो, लोणचं कमाल असतं, गाडीला पार्किंग मिळालं तर तो चमत्कार असतो. मला ही साखर इतकी अंगवळणी पडली होती की ‘नॉट बॅड’ वाचून मला चोप्रा साहेबांसारखाच घाम फुटला. बाटगा जास्त कडवा म्हणतात, ते खोटं नाही.

मी मॅडमना फोन लावला. मराठीत बोललो, ओळख काढली, पुण्यातली दोन-तीन नावं घेऊन पाहिली. त्यांनी एकही नाव उचललं नाही. शेवटी मुद्द्यावर आलो आणि म्हटलं, मॅडम, तेवढं जरा एक्सलंट वगैरे घालता आलं तर बरं होईल.

“एक्सलंट मी अजून कुणालाच म्हटलेलं नाही,” त्या म्हणाल्या. “स्वतःलाही नाही. आणि तो मेल तिकडे गेलाय. तुम्हाला कॉपी माहितीसाठी होती, तपासायला नव्हती.”

फोन ठेवला त्यांनी.

मग माझं डोकं चालायला लागलं. हे नेहमीच धोक्याचं असतं. एक रेफरन्स कारल्याची भाजी निघाला ना, मग दुसऱ्याचं श्रीखंड करायचं. एवढं गोड, की जिभेवर कारलं उरणारच नाही. दुसरा रेफरन्स डॉ. भाटियांचा होता. हे त्याच रुग्णालयातले मोठे सर्जन. त्यांच्या कितीतरी ऑपरेशनांना प्रज्ञा भूल द्यायची. मी फोन केला तर ते दोन ऑपरेशनांच्या मध्ये होते. लड़की हीरा है, म्हणाले, आप लिख के भेज दो विद्या जी, मैं आगे भेज दूँगा. असं चालत नाही, हे मला माहीत होतं. पण असं चालतं, हेही मला माहीत होतं.

आमच्या ऑफिसात रेफरन्सचं एक टेम्प्लेट आहे. म्हणजे होतं. ते मीच लिहिलेलं, आणि मला त्याचा अभिमान होता. एका ओळीत एक्सेप्शनल, आउटस्टँडिंग आणि वर्ल्ड क्लास हे तिन्ही शब्द बसवणं सोपं नसतं. चोप्रा साहेबांनी खांद्यावरून वाचलं आणि यात डायनॅमिक नाही म्हणाले, म्हणून डायनॅमिकही घातलं. याआधी ते एका हाडांच्या डॉक्टरांसाठी वापरलं होतं. ते पुरुष होते, म्हणून मी कॉम्प्युटरला सांगितलं की ‘हिज’ असेल तिथं सगळीकडे ‘हर’ कर. त्यानं क्षणात केलं. मला वाटलं, काय सोय आहे यार. वरचं नाव बदललं, भाटिया साहेबांना पाठवलं, आणि त्यांनी न वाचता आपल्या सरकारी मेलवरून पुढे ढकललं. मी खाली जाऊन दोन समोसे खाल्ले. स्वतःवर फार खूश होतो. हे लक्षण आता मला ओळखता येतं.

दुसऱ्या दिवशी इंग्लंडहून मेल आला. दोन्ही रेफरन्स मिळाले. त्यातल्या एकाबद्दल आम्हाला शंका आहे. निर्णय घेण्याआधी उद्या दुपारी डॉ. आपटे आणि उमेदवार दोघींशी व्हिडिओवर बोलायचं आहे.

शंका कुठल्या रेफरन्सबद्दल असेल याबद्दल ऑफिसात कुणालाच शंका नव्हती. चोप्रा साहेबांनी तर फाइल कपाटात ठेवायला सांगितलं. मी प्रज्ञाला फोन केला. एव्हाना मॅडमनी काय लिहिलंय ते मी तिला सांगून बसलो होतो. ती रडली नाही.

“काका, तीन वर्षं त्या मला एकदाही काही बोलल्या नाहीत,” ती म्हणाली. “मला वाटायचं, बोलत नाहीत म्हणजे ठीक चाललंय. एवढंही नव्हतं का?”

मला फार वाईट वाटलं. मग त्या वाईट वाटण्याचा राग आला, आणि तो राग घेऊन मी दुसऱ्या दिवशी कॉलच्या आधी मॅडमच्या खोलीत जाऊन उभा राहिलो. प्रज्ञा माझ्यामागे, दाराशी.

मॅडम साठीला टेकलेल्या, सुती साडीवर पांढरा कोट, केस करकरीत मागे बांधलेले. मी मेट्रोत पाठ केलेलं सगळं बोलून टाकलं. तुमच्या त्या दोन शब्दांमुळे या मुलीची जागा जातेय. महिनाअखेरीला तिच्या हातात काही नसणार. आवडत नव्हती तर लिहायलाच नकार द्यायचा होता. मी इतकं सलग मराठी कितीतरी दिवसांत बोललो नव्हतो.

मॅडमनी मला पूर्ण बोलू दिलं. मग समोरची खुर्ची दाखवली.

“गेल्या वर्षी माझ्या धाकट्या बहिणीचं ऑपरेशन झालं,” त्या म्हणाल्या. “इथंच. भूल द्यायला मी हिला सांगितलं आणि बाहेर जाऊन बसले.”

मी वाट बघत राहिलो. पुढे काही येईना. म्हणजे काय, असं शेवटी विचारलं.

“म्हणजे आत गेले नाही.”

माझ्या डोक्यात उजेड पडायला वेळ लागला. ज्या बाईंनी आयुष्यभर लोकांना भूल दिली, त्यांची सख्खी बहीण टेबलावर, आणि त्या आत डोकावल्या नाहीत. दाराशी प्रज्ञा हलली. मला वाटलं तुमची मीटिंग होती, असं ती अगदी बारीक आवाजात म्हणाली.

“मीटिंग कसली? कॉफी पीत होते.”

मी कपाळाला हात लावला. मॅडम, मग हेच लिहायचं होतं ना, म्हटलं. घरची गोष्ट बाहेर कशाला लिहायची, म्हणाल्या, आणि कॉम्प्युटर सुरू केला. प्रज्ञा त्यांच्या शेजारी येऊन बसली. तिचे डोळे भरले होते. मॅडमनी तिच्याकडे न बघता टेबलावरचा नॅपकिन तिच्या बाजूला सरकवला. मी माझी खुर्ची कोपऱ्यात घेतली, कॅमेऱ्यात दिसणार नाही अशी.

स्क्रीनवर दोघं होते. पांढऱ्या केसांच्या एक डॉक्टर बाई, त्या तिथल्या भूल विभागाच्या प्रमुख, आणि त्यांच्या शेजारी एचआरचा एक टाय लावलेला माणूस. नमस्कार-चमत्कार झाले. मग त्या बाईंनी समोरचा कागद उचलला.

“डॉक्टर आपटे, यू रोट ‘नॉट बॅड’.”

“येस.”

“हाउ नॉट बॅड?”

मॅडमनी विचार केला. घाईनं उत्तर द्यायचा त्यांचा स्वभाव नाही.

“क्वाइट.”

मी डोळे मिटून घेतले. संपलं, म्हटलं. उघडले तेव्हा त्या बाई शेजारच्या माणसाला काहीतरी सांगत होत्या आणि तो मान डोलवत होता. मग त्या आमच्याकडे वळून म्हणाल्या की याबद्दल आम्हाला शंका नव्हतीच, फक्त खात्री करायची होती. त्यांच्या स्वतःच्या साहेबांनी त्यांना सगळ्या नोकरीत एकदाच नॉट बॅड म्हटलं होतं, तेही ते रिटायर झाले त्या दिवशी. आमच्या मॅडमनी हे ऐकून मान हलवली. दोन बायका एकमेकींना पहिल्यांदाच भेटत होत्या, पण एका आळीत वाढल्यासारख्या दिसत होत्या. इंग्रज आणि पुणेकर यांचं कौतुकाच्या बाबतीत इतकं जमत असेल, हे माझ्या ध्यानीमनी नव्हतं.

मी खुर्चीत सैलावलो. तेवढ्यात बाईंनी दुसरा कागद उचलला.

आमची शंका याबद्दल आहे, त्या म्हणाल्या, आणि वाचायला लागल्या. एक्सेप्शनल, आउटस्टँडिंग, वर्ल्ड क्लास अँड डायनॅमिक. हे ठीक. पुढे लिहिलंय की हातोडा आणि ड्रिल यांवर डॉक्टर मेश्राम यांची हुकमत असून दिल्लीत तिची चर्चा असते. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. तर भूल देताना डॉक्टर मेश्राम हातोडा नेमका कधी वापरतात?

मॅडमनी प्रज्ञाकडे पाहिलं. प्रज्ञा स्क्रीनकडे बघत होती, तोंड उघडं. हाडांच्या डॉक्टरांचं ते वाक्य माझ्या टेम्प्लेटमध्ये तसंच राहिलं होतं. हातोड्यानं भूल देता येते, नाही असं नाही, पण त्यातून पेशंट उठत नाही.

बाई थांबल्या नाहीत. आणखी एक शब्द आम्हाला डिक्शनरीत सापडला नाही, म्हणाल्या. हरटरी. म्हणे डॉक्टर मेश्राम पेशंटची हरटरी उत्तम घेतात. मी ‘हिज’चं सगळीकडे ‘हर’ करायला सांगितलं होतं, आणि कॉम्प्युटरनं इमानदारीनं हिस्टरीतलं ‘हिज’सुद्धा सोडलं नव्हतं. इंग्रजीत हिस्टरीची पहिली तीन अक्षरं ‘हिज’चीच असतात.

टायवाला माणूस मात्र अजिबात हसत नव्हता. त्यानं प्रज्ञाला सरळ विचारलं. हे पत्र तुम्ही लिहिलंत का, किंवा पाठवण्याआधी पाहिलंत का? खोटा रेफरन्स ही गंभीर बाब आहे. तुम्हाला माहीत असेल तर जागा तर जाईलच, आम्हाला मेडिकल कौन्सिललाही कळवावं लागेल.

प्रज्ञानं नाही म्हटलं. लिहिलं नाही, पाहिलंही नाही. तिचा आवाज स्थिर होता, पण टेबलाखाली तिनं नॅपकिन इतका घट्ट धरला होता की नखं पांढरी पडली होती. मग कुणी लिहिलं, त्यानं विचारलं. भाटिया साहेब हाडांचे डॉक्टर नाहीत, हे आम्हाला माहीत आहे.

माझा फोन थरथरला. चोप्रा साहेबांना मी मघाशीच हातोड्याचा मेसेज करून बसलो होतो. त्यांचं उत्तर आलं होतं, बोल दो टाइपिस्ट की गलती है. आमच्याकडे टाइपिस्ट नाही. मी समोर बसलेल्या मुलीकडे पाहिलं. हिनं काहीच केलं नव्हतं. हिनं फक्त मला काका म्हटलं होतं.

मी खुर्ची पुढे ढकलली. तिचं एक चाक फरशीच्या फटीत अडकलं, म्हणून मी अर्धवट उठून, वाकून कॅमेऱ्यासमोर गेलो. स्क्रीनवर माझं फक्त टक्कल आणि चष्मा दिसत होता.

“सर,” मी म्हणालो, “द हॅमर इज माइन.”

मग सगळं सांगितलं. मी कोण, टेम्प्लेट कुणाचं, ते हाडांचे डॉक्टर कोण, हिजचं हर कसं झालं. भाटिया साहेबांनी विश्वासानं पाठवलं, या मुलीला काही माहीत नव्हतं. हे सगळं मी फर्स्टक्लास इंग्रजीत सांगितलं असतं तर बरं झालं असतं, पण घाबरलं की माझं इंग्रजी हिंदीच्या वळणानं जातं. टायवाला लिहून घेत होता. पांढऱ्या केसांच्या बाईंनी तोंडावर कागद धरला होता आणि त्यांचे खांदे हलत होते. मला वाटलं रागानं हलताहेत. हरटरीशी पोचलो तेव्हा त्यांनी आपला माइक बंद केला आणि खुर्ची पाठमोरी फिरवली.

“बसा आता,” आपटे मॅडम मराठीत म्हणाल्या. मी बसलो.

त्या दोघांनी आम्हाला थांबवून आपसात बोलून घेतलं. मग टायवाल्यानं निकाल सांगितला. हे पत्र आम्ही बाजूला ठेवतोय. डॉ. मेश्राम यांचा यात हात नाही, हे आम्ही मान्य करतो. डॉ. भाटियांनी स्वतःच्या शब्दांत दुसरा रेफरन्स आठवड्याच्या आत थेट पाठवावा. आणि यापुढे या प्रकरणात मधलं कुणी नको. शेवटचं वाक्य बोलताना त्यानं माझं टक्कल जिथं दिसलं होतं त्या कोपऱ्याकडे पाहिलं.

भाटिया साहेबांना हातोड्याचं कळलं तेव्हा ते आधी हसले आणि मग मला जे बोलले ते इथं लिहिता येणार नाही. त्यांनी त्याच संध्याकाळी एका बोटानं टाइप करून दोन ओळी पाठवल्या. स्पेलिंग चुकलेलं होतं. व्हेन शी इज अॅट द हेड एंड, आय डोन्ट लुक अप. म्हणजे टेबलाच्या डोक्याच्या बाजूला ही उभी असली की मी मान वर करून बघत नाही. सर्जनला भूल देणाऱ्यावर भरवसा नसला की तो कापता कापता सारखा वर बघतो, असं प्रज्ञानं मला नंतर समजावलं. माझ्या दोन पानांत हे एक वाक्य नव्हतं.

नंबर आला. व्हिसा आला. त्याआधीची टीबीची तपासणी वगैरे रीतसर झालीच होती. निघायच्या आधी प्रज्ञा ऑफिसात पेढे घेऊन आली आणि माझ्या पाया पडायला वाकली. मी मागे सरकलो, म्हटलं बाई, मी तुला जवळजवळ बुडवलं होतं. ती हसली. काका, तुम्ही मध्ये पडला नसता तर मॅडम कॉफी पीत होत्या हे मला कधीच कळलं नसतं, म्हणाली.

त्या रुग्णालयानं आमच्या ऑफिसला एक वेगळा मेल पाठवला. अतिशय सभ्य होता. यापुढे भारतातल्या डॉक्टरांनी आमच्याकडे थेट अर्ज करावा, एजन्सीची आवश्यकता नाही. चोप्रा साहेबांनी तो मोठ्यानं वाचला आणि म्हणाले, विद्या जी, आपने तो कमाल कर दिया. त्यांनी मला काढून टाकलं नाही. दिलदार माणूस, आणि दुसरा पत्र लिहिणारा मिळत नव्हता. टेम्प्लेट मात्र मी त्यांच्यासमोर डिलीट केलं. आता रेफरन्स मागायला कुणी आलं की मी सांगतो, ज्यानं तुमचं काम पाहिलंय त्यालाच लिहू द्या, आणि त्याला जेवढं लिहायचंय तेवढंच लिहू द्या.

काही महिन्यांनी प्रज्ञाचा मेसेज आला. मी दुपारचा डबा उघडून बसलो होतो.

“काका, आज पहिल्यांदा मी एकटीनं नवजात बाळाला भूल दिली. इथल्या प्रमुख बाई पूर्ण वेळ बाहेर बसल्या होत्या. बाळ उठलं, रडलं. मग त्या आत आल्या आणि म्हणाल्या, नॉट बॅड. मी कपडे बदलायच्या खोलीत जाऊन खूप रडले.”

मी डबा बाजूला सरकवला. मेसेज मी आपटे मॅडमना पाठवला. त्यांनी लगेच वाचल्याचं दिसलं. मग बराच वेळ त्या काहीतरी लिहिताहेत असं दिसत राहिलं. लिहायच्या, थांबायच्या, पुन्हा लिहायच्या. चोप्रा साहेब येऊन विचारून गेले की खाना क्यों नहीं खा रहे. शेवटी उत्तर आलं.

“बरं. वाचन वाढवायला सांगा.”

ते मी प्रज्ञाला जसंच्या तसं पाठवलं. एक शब्दही बदलला नाही. तेवढं शिकलोय.